अधिकारभेद आणि एक दातेरी चक्र

साधना सर्वांसाठी एकच असावी की ज्याच्या-त्याच्या शक्तीप्रमाणे निराळी असावी, या प्रश्नाचा निवाडा आपल्या शास्त्रकारांनी अधिकारभेदाच्या सिद्धांताने करून टाकला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या सिद्धांताचा अर्थ बहुधा जिन्याच्या पायऱ्यांसारखा लावला: सर्वांत वर ज्ञानाचा अधिकारी, त्याच्या खाली उपासक, त्याच्या खाली कर्मठ, आणि अगदी तळाशी ज्याच्या नावावर कसलीच सनद नाही असा सामान्य जन. ही पायऱ्यांची कल्पना मला फार काळ खटकत आली आहे. परंतु खटकण्याचे नेमके कारण हाती लागले ते एका लहान मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी, हे सांगताना किंचित संकोच वाटतो. तथापि तत्त्वविचाराने कारागिराच्या यंत्राकडे दृष्टांत मागावा ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. ज्ञान झाल्यावरही देह काही काळ का टिकून राहतो, हे समजावून देण्यासाठी सांख्यकारिकाकार ईश्वरकृष्णाला कुंभाराच्या फिरत्या चाकाचाच आश्रय घ्यावासा वाटला. चाकाला दाते फुटले आणि त्यावर साखळी चढली, एवढ्यानेच ते शास्त्रविचाराला अस्पृश्य झाले असे मानण्याचे कारण नाही.

यंत्राची गोष्ट थोडक्यात अशी. एंजिनाची शक्ती गिअरपेटीतून बाहेर पडते ती एका लहानशा दातेरी चक्रावाटे, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटवाटे. साखळी ती शक्ती मागच्या चाकाला जखडलेल्या मोठ्या स्प्रॉकेटकडे पोहोचविते. आमच्याकडचे कारागीर या साऱ्या सरंजामाला सरसकट ‘चेन-सॉकेट’ म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही. पुढच्या चक्राला १४ दाते आणि मागच्याला ४२ असतील, तर पुढचे तीन फेरे घेईल तेव्हा मागचे एक फेरा पुरा करील. मागे ४२ ऐवजी ४५ दात्यांचे चक्र बसविले तर हे प्रमाण ३ वरून ३.२१ होते, आणि मागचे तसेच ठेवून पुढच्या १४ दात्यांचे १३ केले तर ते ३.२३ होते, म्हणजे मूळ स्रोतापाशी कमी केलेला एक दाता टोकाला वाढविलेल्या तीन दात्यांना भारी पडतो. स्वस्तात काम व्हावे म्हणून पुष्कळ लोक पुढचेच चक्र बदलतात. पण त्याचीही किंमत द्यावी लागते, कारण स्प्रॉकेट हे खरे वर्तुळ नसून बहुकोन आहे, आणि त्याचे कोन जितके थोडे तितकी साखळीची गती प्रत्येक फेऱ्यात अधिक हिंदकळते. १४ दात्यांवर हा चढउतार सुमारे अडीच टक्के असतो, ११ दात्यांवर चार टक्क्यांपर्यंत जातो, आणि साखळीचा प्रत्येक दुवा अधिक तीव्र कोनातून वाकत असल्यामुळे ती लवकर झिजते.

आता मुद्द्याची बाब ही की, या साऱ्या फेरबदलाने एंजिनाच्या शक्तीत गुंजभरही वाढ होत नाही. शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. गुणाकार जेवढा आहे तेवढाच राहतो आणि स्वाराला फक्त एवढीच मुखत्यारी मिळते की, वेगाच्या खात्यातून काढून जोराच्या खात्यात जमा करावे, किंवा उलट करावे. मधल्या मध्ये साखळी आपली अल्पशी दस्तुरी कापून घेते, ती वेगळी. चक्र बदलल्यावर गाडीचा पिकअप वाढला म्हणून हरखून जाणारा तरुण आणि तिचे ॲव्हरेज घटले म्हणून त्याच गाडीविषयी तक्रार करणारा त्याचा बाप हे दोघे एकाच जमाखर्चाची दोन पाने वाचीत असतात.

या जमाखर्चाचा एक ऐतिहासिक दाखला आहे, आणि तो मला धर्मशास्त्राच्या दृष्टीने विशेष बोलका वाटतो. १९५८ साली जपानात होंडा कंपनीने ‘सुपर कब’ नावाची ४९ घनसेंटिमीटरची एक चिमुकली गाडी विक्रीस काढली. तिची शक्ती अवघी साडेचार अश्वशक्ती, आणि तीही एंजिन मिनिटाला साडेनऊ हजार फेरे घेईल तेव्हा मिळणारी. एका हातावर शेवयांचे तबक तोलीत दुसऱ्या हाताने गाडी हाकणारा उपाहारगृहाचा पोऱ्या तिच्या निर्मात्यांनी नजरेसमोर ठेवला होता, आणि म्हणूनच डाव्या हाताला क्लचच्या कामातून मोकळीक देण्याची तजवीज तिच्यात केलेली होती. शहरातल्या अशा फेऱ्यांना जे प्रमाण शोभावे तेच तिच्या साखळीचे होते. पुढल्याच वर्षी कंपनीने अमेरिकेत लॉस एंजलिस येथे आपली पेढी उघडली. तेथल्या अधिकाऱ्यांच्या, विशेषतः जॅक मॅककॉर्मॅक यांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली: आयडाहो राज्यातल्या बॉयसी नावाच्या, लॉस एंजलिसच्या मानाने अगदीच लहान अशा गावी हर्ब उल नावाचा एक विक्रेता या गाड्या विलक्षण संख्येने खपवीत होता. चौकशी केली तेव्हा खुलासा झाला की, हा गृहस्थ मागच्या चाकाला मोठे स्प्रॉकेट आणि खडबडीत नक्षीचे टायर बसवून त्या गाड्या डोंगरातल्या पायवाटांवर जाऊ इच्छिणाऱ्यांना विकत असे. एंजिन तेच, अश्वशक्ती तीच. परंतु जी गाडी सपाट रस्त्यावर सभ्यपणे धावण्यासाठी घडविली होती, ती आता शिकाऱ्याला आणि त्याच्या ओझ्याला घेऊन दगडधोंड्यांतून वर चढत होती. कंपनीने या उपद्व्यापाबद्दल त्याला दोष न देता १९६१ साली स्वतःच ‘ट्रेल ५०’ नावाची गाडी काढली. तिच्या मागच्या चाकाला लहान व मोठी अशी दोन चक्रे लगतच बसविलेली असत आणि पायवाट लागली की स्वाराने साखळीला जादा तुकडा जोडून ती मोठ्या चक्रावर चढवावयाची. पुढे ‘सीटी ९०’ या गाडीत तर एवढे कष्टही उरले नाहीत. एक खटका फिरविला की आतल्या आतच प्रमाण बदले.

हा क्रम पाहा: प्रथम आचार, मग त्याची दखल, मग संहितेत समावेश, आणि शेवटी ती गोष्ट जणू मुळापासूनच विहित होती असा तिचा सहज वावर. मनुस्मृतीने धर्माची जी चार प्रमाणे सांगितली त्यांत श्रुती आणि स्मृती यांच्या जोडीला सज्जनांचा आचार व स्वतःच्या अंतःकरणाचे समाधान हीही धरली आहेत. आणि स्मृतींच्या पुढच्या इतिहासात ही शेवटची दोन प्रमाणे किती काम करून गेली, हे पाहावयाचे असेल तर महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात केलेला कलिवर्ज्यांचा विचार वाचावा. नियोगासारखी एकेकाळी विहित असलेली कृत्ये निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य म्हणून जाहीर केली, तेव्हा लोकांनी ती सोडून दिल्यालाच बहुधा बराच काळ लोटला होता. वहिवाट पुढे चालते आणि फर्मान मागून येते. कारखानदार असो वा स्मृतिकार, तो जे प्रमाण ठरवून देतो ते एका कल्पित सरासरी माणसाला धरून ठरविलेले असते. आणि तो सरासरी माणूस बॉयसीच्या डोंगरात राहत नाही.

परंतु मूळ प्रश्न उरतोच, आणि तो अधिक टोकदार होऊन उरतो. कमी वेगाची, अधिक जोराची योजना ही अधिक वेगाच्या योजनेहून हलकी आहे काय? सामान्य समजूत तशी आहे खरी. मोठे चक्र लावलेली गाडी ‘हळू’ झाली असेच आपण म्हणतो. हे म्हणणे तपासून पाहू. गाडी, स्वार आणि ओझे मिळून दीडशे किलो वजन असेल आणि एंजिनापाशी साडेचार अश्वशक्ती असेल, तर घर्षण आणि वारा यांना काहीही न देता, म्हणजे केवळ आदर्श अवस्थेत, ते एंजिन हे वजन दर सेकंदाला सव्वादोन मीटरहून अधिक उंचीवर नेऊ शकणार नाही. रस्ता नागमोडी असो वा उभा, चक्र लहान असो वा मोठे, ही मर्यादा कोणालाही ओलांडता येत नाही. मर्यादा ओलांडता येत नसली तरी तिच्यापासून कितीही खाली राहता मात्र येते, आणि तेच नेमके वेगासाठी प्रमाण बांधलेल्या गाडीचे चढावर होते. एंजिनाला त्याच्या बलस्थानाइतके फेरे घेताच येत नाहीत. फेरे घटले की शक्ती घटते, शक्ती घटली की आणखी फेरे घटतात. गाडी ओढेनाशी होते. स्वार अर्धा क्लच धरून तिला कसेबसे रेटतो, क्लचच्या तबकड्या जळू लागतात, आणि ज्याच्यापाशी कागदोपत्री वेग आहे तो वळणाच्या अलीकडे उभा राहतो. मोठ्या चक्राची ‘हळू’ गाडी त्या वेळी त्याच्या शेजारून वर निघून जाते. याचा अर्थ, चढावर ती हळू नसतेच. ती हळू आहे हा निवाडा सपाट रस्त्यावर बसलेल्या न्यायाधीशाचा आहे. आपल्या अध्यात्मातल्या कितीतरी श्रेणी अशाच सपाट रस्त्यावर बसून लावलेल्या असाव्यात, असा माझा वहीम आहे. ज्याला पोटाची चिंता नाही, ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस नाही, त्याने निर्गुणाच्या चिंतनाला श्रेष्ठ आणि दिवसाकाठी दोन वेळा घेतलेल्या नामाला कनिष्ठ ठरवावे, आणि चढावर असलेल्याने तो निवाडा मुकाट्याने कबूल करावा, हे पिढ्यानुपिढ्या चालत आले.

येथे कोणी जाणकार म्हणेल की चढउतारांची सोय गिअरांनी केलेलीच आहे, मग चक्रे बदलण्याचा खटाटोप कशाला? सुपर कबला तीन गिअर होतेच. आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. गिअर स्वार पायाने बदलतो, चालत्या गाडीवर, क्षणोक्षणी, समोर येईल त्या प्रसंगाला अनुसरून. स्प्रॉकेट बदलायचे तर गाडी उभी करून, चाक उतरवून, पाने घेऊन जमिनीवर बसावे लागते आणि मग महिनोन्‌महिने ते तसेच राहते. गिअर हे नैमित्तिक वर्तन आहे. स्प्रॉकेट हा आश्रम आहे. तिन्ही गिअर ज्या पायावर उभे असतात तो पायाच या बदलाने सरकतो, आणि म्हणून ज्याचे सारे जीवनच चढाचे आहे त्याने प्रसंगापुरता खालचा गिअर टाकून भागत नाही. गृहस्थाश्रमात राहून अधूनमधून तीर्थयात्रा करणे आणि वानप्रस्थ स्वीकारणे यांत जे अंतर शास्त्राने मानले, ते याच जातीचे आहे.

उलट दिशेचा मोहही तितकाच बोधप्रद आहे, किंबहुना तो अधिक प्रचलित आहे. गाडी अधिक वेगाने धावावी म्हणून काही हौशी लोक मागचे चक्र लहान करतात किंवा पुढचे मोठे करतात. हिशेब साधा दिसतो: एंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक अधिक फिरेल, म्हणजे वेग वाढेल. परंतु वाऱ्याचा विरोध मोडून काढण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असते. वेग सव्वापट करावयाचा तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. लहान एंजिनापाशी ती नसते. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये ते आपल्या बलस्थानापर्यंत पोहोचतच नाही आणि प्रत्यक्षात गाडीचा कमाल वेग पूर्वीपेक्षाही उतरतो, हा अनुभव अनेक लहान गाड्यांच्या मालकांना येतो आणि ते मग कार्ब्युरेटरला बोल लावीत बसतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात परधर्माच्या भयावहतेविषयी जे सांगितले आहे, त्याचा अर्थ जातिनिष्ठ व्यवसायांच्या कुंपणात कोंडून टाकणाऱ्या टीकाकारांनी ही बाजू ध्यानात घेतलेली दिसत नाही: परधर्म भयावह असतो तो कोणी शिक्षा करील म्हणून नव्हे, त्यात आपले स्वतःचे सामर्थ्यही आपल्या हाती येत नाही म्हणून. तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावणारा खाली जातो, असे मनू म्हणतो. जाबालोपनिषद मात्र, ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी घर सोडण्याची मुभा देते. दोन्ही वचने एकाच परंपरेने जतन केली, आणि यांत मला विसंगती वाटत नाही. एंजिन किती घनसेंटिमीटरचे आहे हे पाहिल्यावाचून चक्राची शिफारस कशी करावी? स्मशानातून परतताना उपजलेले वैराग्य घेऊन ज्याने संन्यासाचे चक्र बसविले, त्याच्याविषयी आमच्या गावोगावी ज्या कथा सांगतात त्या फारशा आदराच्या नसतात.

आता या विचारातला जो सर्वांत अवघड भाग आहे त्याकडे वळले पाहिजे, कारण अधिकार या कल्पनेचा आपल्या समाजाने जो उपयोग केला तो निर्दोष नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांसारख्या अद्वैतवाद्यानेही शूद्राला वेदाध्ययनाचा, आणि म्हणून वेदमूलक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला. ज्याच्या सिद्धांतात जीवाजीवांत भेदच उरत नाही, त्याने अध्ययनाच्या दारापाशी मात्र जन्माचा दाखला मागावा, ही गोष्ट त्या महापुरुषाविषयीच्या पूर्ण आदराने, परंतु स्पष्ट शब्दांत चूक म्हणावी लागते. मुळात अधिकार म्हणजे वाट, ओझे आणि शक्ती यांचा मेळ; तो वाट बदलली की बदलतो, ओझे उतरले की बदलतो. त्याला जन्माशी बांधणे म्हणजे स्प्रॉकेट एंजिनाच्या ओतीव लोखंडातच ओतून टाकणे होय. बॉयसीच्या विक्रेत्याने जे केले ते त्याला करता आले, याचे कारण ते चक्र काढता-घालता येण्याजोगे होते. आणि हेही ध्यानात घ्यावे की, त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने कुळ विचारले नाही, कोणत्या डोंगरात जायचे आहे एवढेच विचारले असेल. उपदेश करणाऱ्याची पात्रता मला यातच दिसते. एंजिनाची रचना जपानातल्या अभियंत्यांना त्याच्यापेक्षा शतपटीने अधिक ठाऊक होती. तेथला चढ मात्र त्यालाच ठाऊक होता. आपल्या संतांना लोकांनी गुरू मानले आणि पंडितांना नुसते मानले, यामागेही काही अंशी हेच कारण असावे.

एक लहानशी गोष्ट आणखी सांगण्याजोगी आहे. जुन्या धाटणीच्या बहुतेक लहान गाड्यांत वेगमापकाची तार पुढच्या चाकातून निघते; म्हणजे ज्या चाकाला एंजिन ओढीत नाही, जे नुसते जमिनीवरून गडगडत जाते, त्याच्या साक्षीवरून वेग नोंदला जातो. मागे चक्र कितीही दात्यांचे बसवा, या साक्षीदाराची जबानी बदलत नाही. काही गाड्यांत मात्र ही नोंद गिअरपेटीतून घेतात, आणि तेथे घोटाळा होतो: मागे ४२ च्या जागी ४५ दाते आले की गाडी खरोखर ५६ च्या वेगाने धावत असता काटा ६० दाखवितो. काटा खोटे बोलत नाही. तो श्रम मोजतो, आणि जुन्या प्रमाणाने त्या श्रमाचे अंतर करून सांगतो. मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी जो फळ न खाता नुसता पाहत असतो त्याच्या स्वरूपाविषयी पंडितांनी बराच वाद घातला आहे, त्यात मी पडत नाही. परंतु साधकाची प्रगती त्याच्या कष्टांवरून मोजावी की कष्टांत न गुंतलेल्या एखाद्या भागाच्या साक्षीवरून मोजावी, हा प्रश्न या दोन तारांनी फार स्वच्छपणे पुढे ठेवला आहे असे मला वाटते. जपाची संख्या वहीत टिपून ठेवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्या वहीतले आकडे खरेच असतात. फक्त त्या आकड्यांचे अंतर झाले की नाही, याची रुजुवात घरातली माणसेच काय ती करू शकतात.

श्रेणींचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, कारण प्रतिपक्षाच्या हाती एक भक्कम वचन आहे. वराहोपनिषदाने मोक्षाचे दोन मार्ग सांगितले: एक शुकाचा, त्याला विहंगम म्हटले, आणि दुसरा वामदेवाचा, त्याला पिपीलिकेचा म्हटले. पक्षी उडून थेट फळावर बसतो, ही सद्योमुक्ती. मुंगी खोडावरून सरपटत केव्हातरी पोहोचते, ही क्रममुक्ती. मराठी परमार्थात ही जोडी इतकी रुळली की पिपीलिकामार्ग म्हणताच तो सामान्यांचा, मंदबुद्धींचा, असे ओघानेच समजले जाऊ लागले. परंतु ज्या दोन ऋषींची नावे या मार्गांना दिली, त्यांची चरित्रे परंपरेनेच कशी रंगविली आहेत ते पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ऐतरेयोपनिषदात वामदेवाचे जे स्मरण केले आहे, त्यात तो आईच्या गर्भात असतानाच देवांचे सारे जन्म जाणतो, आणि लोखंडी तटबंद्या फोडून ससाण्याच्या वेगाने बाहेर पडल्याचे सांगतो. मुंगीच्या मार्गाचा हा प्रवर्तक! आणि शुक? शांतिपर्वातल्या मोक्षधर्मात व्यास त्याला जनकाकडे मिथिलेला धाडतात तेव्हा बजावतात की, आकाशमार्गाने जाण्याचे आपले सामर्थ्य वापरू नकोस, माणसांच्या वाटेने जा. आणि तो पक्षिमार्गाचा अधिकारी मेरूपासून पर्वत, नद्या, अरण्ये ओलांडीत, नाना देश तुडवीत पायी चालत जातो. पुत्राच्या शक्तीविषयी व्यासांना संशय होता असे म्हणता येत नाही, आणि पायी गेल्याने शुकाची योग्यता उणावली असेही महाभारतकाराने कोठे सुचविलेले नाही. उलट जनकाच्या द्वारी रक्षकांनी कठोर शब्दांत अडविल्यावर भर उन्हात निर्विकार उभे राहण्याची जी कसोटी त्याला द्यावी लागली, ती आकाशातून थेट महालात उतरणाऱ्याच्या वाट्याला बहुधा आलीच नसती.